चिऱ्याच्या घरात वायफाय स्लो, शेवटी कॉम्प्युटरला केबलच ओढली: माझा अनुभव

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ, जुनं, जांभ्या चिऱ्याचं, वर कौलं. मी घरून अकाउंट्सची कामं करते, पुण्यातल्या पार्टीच्या कॉम्प्युटरवर रिमोटने जाऊन एंट्र्या करायच्या, ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची रिटर्न्स भरायची, त्यामुळे महिन्यातले ठराविक दिवस नेट रडलं की माझाही जीव वर खाली होतो. फायबर आहे, प्लॅन १५० एमबीपीएसचा. राउटरशेजारी पडवीत बसून मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली की १४० च्या वर दाखवायचं आणि मागच्या खोलीत माझ्या कॉम्प्युटरवर जेमतेम ६-७. गणपतीत चाकरमानी आले, घरभर मोबाईल झाले, तेव्हा तर २ च्या खाली गेलं आणि रिमोटवर माउस हलवला की बाण तिकडे दोन सेकंदांनी हलायचा.

कस्टमर केअरला फोन केला की राउटर रिस्टार्ट करा, आणि नंतर सल्ला असा की ३०० चा प्लॅन घ्या. मला ते पटलं नाही, कारण राउटरपर्यंत १४० येतंय हे डोळ्यांसमोर दिसतंय, मग अजून पैसे भरून राउटरपर्यंत ३०० आणून मागच्या खोलीत काय फरक पडणार? गळती नेमकी कुठल्या टप्प्यात आहे ते आधी शोधायचं असं ठरवलं आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच झाली.

सीपीयू उचलून पडवीत नेला आणि राउटरबरोबर आलेली छोटी लॅन केबल लावली. १४८! म्हणजे लाईन चांगली, राउटर चांगला, विंडोजपण चांगलं, कुठे व्हायरस बियरस नाही. मग तिथेच केबल काढून वायफायने जोडलं, तर राउटर हाताच्या अंतरावर असूनही चाळीसच्या आसपास. इथे पहिला चोर सापडला, सीपीयूच्या मागे लावलेला नखाएवढा यूएसबी वायफाय अॅडॉप्टर. कमांड प्रॉम्प्टमधे नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस (netsh wlan show interfaces) ही कमांड दिली की सगळं कळतं, रेडिओ टाइप, चॅनेल, रिसीव्ह रेट, सिग्नल किती टक्के. माझ्याकडे ८०२.११एन (वायफायची एक जुनी पिढी) आणि रेट ७२ आला, हा अॅडॉप्टर फक्त २.४ गिगाहर्ट्झ या बँडवाला, ५ गिगाहर्ट्झ त्याला दिसतच नाही. आणि हा रेट म्हणजे हवेतला कागदी आकडा असतो, प्रत्यक्ष हातात साधारण अर्धा पडतो, म्हणून ते चाळीस.

तोच सीपीयू मागे नेऊन परत कमांड दिली तर रेट १३ आणि सिग्नल ३४ टक्के. मधे पडवीची भिंत, माजघराची भिंत, मग माझी खोली, आणि आमच्या भिंती फूटभर तरी जाड. चिरा सच्छिद्र, पावसात पाणी पितो, आणि ओली भिंत रेडिओ लहरी कोरडीपेक्षा जास्त खाते, त्यामुळे जून ते सप्टेंबर नेट अजून मंद वाटायचं ते उगाच नव्हे. मोबाईलवर ५ गिगाहर्ट्झ लावून बघितलं तर माजघर ओलांडेपर्यंतच सिग्नल गायब, वरची फ्रिक्वेन्सी भिंतीत लवकर मरते.

अजून एक टेस्ट सगळ्यांनी करावी अशी आहे. पिंग १९२.१६८.१.१ म्हणजे थेट आपल्याच राउटरला हाक मारायची (काही राउटरला पत्ता वेगळा असतो, खाली स्टिकरवर लिहिलेला असतो). केबलवर एका मिलीसेकंदाच्या आत उत्तर, मागच्या खोलीतून वायफायवर कधी ४, कधी २५०, मधेच रिक्वेस्ट टाइम्ड आउट. घरातल्या घरात जर एवढा उशीर होतोय तर कंपनीशी भांडून उपयोग नाही. गणपतीतलं कोडंपण इथेच सुटलं, वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि लांबच्या खोलीतला कमजोर सिग्नलवाला मोबाईल तेवढाच डेटा पाठवायला खूप जास्त वेळ चॅनेल अडवून बसतो. आरतीचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलमधून वर चढत होते, मग माझा नंबर कधी लागणार.

तात्पुरते उपाय आधी केले. राउटर टीव्हीच्या मागे होता, सासूबाईपण म्हणत होत्या "तो डबो थंय कित्याक?", तो काढून दाराच्या चौकटीच्या वर उंच लावला म्हणजे सिग्नल निदान दारांमधून तरी आत यावा. अॅडॉप्टरला यूएसबी एक्स्टेंशन लावून टेबलावर आणला, कारण सीपीयूमागे तो पत्र्याच्या आड आणि बाजूलाच यूएसबी ३ ची हार्डडिस्क, आणि यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट २.४ च्या बँडमधे घुसतो हे इंटेलने २०१२ सालीच लिहून ठेवलंय. एवढ्याने रेट ३९ झाला, स्पीड वीसच्या आसपास. एंट्र्या चालू झाल्या पण पिंग अजून उड्या मारत होता.

म्हणून शेवटी केबल. बाजारात पहिल्यांदा स्वस्तातली दाखवली, आमच्या वायरमनने टोक खरवडून बघितलं आणि म्हणाला, "वैनी, ह्या तांबा नाय, आतून अॅल्युमिनियम आसा." खाऱ्या हवेत ते लवकर खराब होतं म्हणून पूर्ण तांब्याची कॅट ६ घेतली. बाहेरून पागोळ्यांखालून नेली नाही, मिरगाला आणि परतीच्या पावसाला विजा पडतात ते बघून माळ्यावरून आतूनच नेली, आणि उंदरांसाठी पीव्हीसी पाईपमधे घातली. जोडून बघते तर स्पीड ९४ वरच अडकलं. नेटवर्क सेटिंगमधे लिंक स्पीड १००/१०० दिसला तेव्हा कळलं की क्रिम्पिंगमधे, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवताना, केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एखादी नीट बसलेली नाही, कारण १०० ला दोनच जोड्या लागतात पण १००० ला चारही. टोक कापून परत क्रिम्प केलं, नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी, दोन्ही टोकांना हाच क्रम. लिंक १०००, स्पीड १४७, पिंग एकच्या आत.

आता राहिलेत मागच्या खोलीतले मोबाईल. जुना राउटर पडून आहे तो केबलच्या या टोकाला लावणार आहे, अॅक्सेस पॉइंट मोडमधे (म्हणजे तो फक्त वायफाय पसरवणार), डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करून आणि वायफायचं नाव पासवर्ड तोच ठेवून. वीज कडाडायला लागली की मात्र राउटरचा पॉवर अॅडॉप्टर आणि कॉम्प्युटरची लॅन केबल दोन्ही काढून ठेवते, फायबर काचेची असली तरी लाईटचं कनेक्शन तांब्याचंच आहे.