डोक्याला बसलेला दुसरा मार
अमेरिकन फुटबॉलमधलं हेल्मेट कवटी वाचवतं. आतला मेंदू हलायचा तो हलतोच. बेशुद्ध पडला नाही म्हणजे कन्कशन (मार बसून मेंदूचं काम काही काळ बिघडणं) नाही, हा समज तर सगळ्यात घातक. पोरगा तोच प्रश्न पुन्हा विचारतो, चुकीच्या जागी जाऊन उभा राहतो, इतकंच दिसतं कधीकधी.

पहिल्या मारानंतर मेंदूला ऊर्जा जास्त लागते आणि रक्तपुरवठा मात्र घटलेला असतो. त्यातच दुसरा फटका बसला, अगदी हलकासुद्धा, तर क्वचित काही मिनिटांत मेंदू सुजतो. हे बहुतेक किशोरवयीन मुलांतच दिसतं.

२००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात १३ वर्षांचा झॅकरी लिस्टेड मार लागूनही त्याच सामन्यात परत उतरला आणि कोसळला. २००९ च्या कायद्यानुसार तिथे नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर, आणि लेखी परवानगीशिवाय परत नाही.

परतताना एक-दोन दिवस आराम, मग चालणं, धावणं, धडक नसलेला सराव. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. डोकं दुखलं की एक पायरी मागे. पूर्ण धडकेचा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, सामना त्यानंतर. वारंवार उलट्या, झटके, वाढती गुंगी किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली तर थेट इस्पितळ.