आधी ह्यांचा रिपोर्ट

लग्नाला चार वर्षं होऊन गेली तरी दिवस जात नव्हते. आमचं गाव तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग. हळदीकुंकवाला गेलं की "काही विशेष?" ठरलेलं. जवळच्या एका दवाखान्यात मी पाळीच्या गोळ्या आणि इंजेक्शनं घेत राहिले; ह्यांना तिथं कुणी आतसुद्धा बोलावलं नाही. त्याचा राग मला अजून आहे.

शेवटी मिरजेला गेलो. १८९४ साली वानलेस साहेबांनी हॉस्पिटल काढलं तेव्हापासून आमच्याकडं मोठं दुखणं निघालं की माणूस मिरजच गाठतो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी दोघांनाही समोर बसवलं. म्हणाल्या, वर्षभरात राहिलं नाही तर तपासायचं, बाईचं वय पस्तिशीपुढं असेल तर सहा महिन्यांतच. आणि तपासायचं दोघांना. पहिली वीर्यतपासणी, कारण त्यात ना सुई, ना दुखणं.

दोन ते सात दिवस संबंध न ठेवण्याचं पथ्य पाळून हे लॅबमध्ये गेले. बाहेर माणसांची वर्दळ, आत एवढीशी खोली. जमलं नाही. मग मिरजेतच माझ्या मावसबहिणीच्या घरी नमुना घेतला. तासाच्या आत पोचवायचा, गार होऊ द्यायचा नाही. ती डबी पदराआड पोटाशी धरून मी गाडीवर मागं बसले. खड्डा आला की हे विचारायचे, "झाकण घट्ट आहे नं?"

एका मिलीलीटरला निदान १ कोटी ६० लाख शुक्रजंतू असावेत. ह्यांचे बरेच कमी निघाले, हालचालही मंद. माझ्या गर्भाशयाच्या ट्यूब मोकळ्या होत्या. एका रिपोर्टवर ठरवत नाहीत, शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी परत तपासायचं ठरलं. तंबाखू त्याच दिवशी बंद. फवारणीचंही मॅडमनी खोदून विचारलं; तेव्हापासून हे मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय बागेत औषध मारत नाहीत.

घरी आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मला कुठल्याशा देवर्षाकडं न्यायचं बोलत होत्या. ह्यांनीच जेवताना सांगितलं, "आई, कमी माझ्यात आहे. हिला कुठं नेऊ नकोस." आत्या ताटावरनं उठल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. पण देवर्षाचा विषय तिथंच संपला. किती बायकांच्या वाट्याला असं एक वाक्य येतं?

दुसरा रिपोर्ट थोडा सुधारला. आययूआय केलं, म्हणजे ह्यांचं वीर्य लॅबमध्ये तयार करून नळीनं गर्भाशयात सोडलं; राहिलं नाही. नेमकी फळछाटणी आणि अंड्याची सोनोग्राफी एकाच आठवड्यात यायची; मजूर सोडून हे माझ्याबरोबर यायचे.

आता इक्सीचं ठरलंय, म्हणजे एका अंड्यात एकच शुक्रजंतू सुईनं सोडतात. २०२१ च्या कायद्यानं अशा सेंटरला नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र आम्ही आधी बघून घेतलं. खर्च मोठा आहे, द्राक्षाचे पैसे हातात आले की सुरू करू. तोवर माझी फॉलिक ॲसिडची गोळी रोज चालू आहे.