एका पैशावरून बिल का अडतं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यांचे हिशोब सांभाळणारे बीनकाउंट हे हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरू लागले की हमखास विचारतात, "बिल बरोबर आहे, तरी नोंद जुळत नाही म्हणतंय. टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायचा फरक, वाढवून टाकू का?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आधी उत्तर: वाढवू नका.

सुताचं एक बिल घ्या. वजन 48.375 किलो, दर 287.35. गुणाकार येतो 13900.55625, बिलावर छापलेलं असतं 13900.56. हा फरक बीनकाउंट आपणहून सोडून देतं. रुपयांची रक्कम दोन दशांशांत लिहिली असेल तर शेवटच्या घराच्या निम्मी, म्हणजे 0.005 एवढी सूट ते धरतं. टॉलरन्स आहे तो एवढ्याचसाठी.

आता जीएसटी. 5 टक्के एकदम काढलेत तर 695.03 येतात. बिलावर मात्र कर निम्मा-निम्मा काढलेला असतो: सीजीएसटी 347.51 आणि एसजीएसटी 347.51, बेरीज 695.02. एक पैसा 0.005 पेक्षा मोठा, म्हणून नोंद अडते, आणि अडायलाच हवी. कर स्वतः काढत बसू नका, बिलावरचे दोन्ही आकडे जसेच्या तसे उतरवा.

एकूण झाले 14595.58, पार्टीने लावले 14596.00. हे 42 पैसे गुणाकारात सांडलेले नाहीत, ठरवून लावलेले आहेत. त्यांना खर्चात 'राउंड ऑफ' असं वेगळं खातं द्या. एका बिलाला जास्तीत जास्त 50 पैसे, म्हणजे महिन्याच्या 40 बिलांत हे खातं 20 रुपयांपुढे जाताच कामा नये. गेलं तर एखादं बिल चुकीचं चढलंय. टॉलरन्स रुपयाभर केलात तर ही खूण कायमची गेली.

आकडा कसा लिहिता यावरही बरंच अवलंबून आहे. त्याच नोंदीत कुणी 13900.6 लिहिलं की अख्ख्या नोंदीची सूट 0.05 होते, कारण सगळ्यात ढोबळ आकडा धरला जातो. उलट रुपयांच्या सगळ्या रकमा पूर्णांकात लिहिल्या तर मुळात सूट शून्य. दरातले दशांश यात मोजले जात नाहीत. वजनाच्या शेवटच्या घराच्या निम्म्याला दराने गुणून सूट धरणारा पर्याय आहे, पण तो चालू केला की या सुतावर सुमारे 14 पैशांची सूट मिळते, म्हणजे करातला तो एक पैसा बिनबोभाट निघून जातो.

शिल्लक पडताळणीची, म्हणजे खात्यात अमुक शिल्लक हवी असं सांगणाऱ्या ओळीची, सूट दुप्पट, दोन दशांशांना 0.01. पडताळणी त्या तारखेच्या सुरुवातीची धरली जाते, म्हणून 31 मार्चची अखेरची शिल्लक 1 एप्रिलच्या तारखेने लिहा.

सैल टॉलरन्स शोभतो तो गोदामातल्या वजनाला. सोलापूरच्या उन्हाळ्यात सुती सूत ओलावा सोडतं आणि काट्यावर हलकं भरतं. तिथे पडताळणीच्या ओळीत 512.400 नंतर ~ 2.000 असं लिहून मग एकक लिहा. ही सूट त्या एका ओळीपुरतीच राहते, रुपयांच्या खात्यांना लागत नाही.