अर्थ पाठ होतो, शब्द अंगवळणी पडायला वेळ लागतो

रोजच्या कामापुरतं इंग्रजी मला येत होतं. अग्रलेख किंवा संशोधनपर लेख वाचायला घेतला की मात्र दर परिच्छेदात एखादा शब्द अडायचा. अंदाजाने अर्थ लावून पुढे जाता येतं, पण असा शब्द आपल्या लिखाणात कधी उतरत नाही. मला तो लिहिता यायला हवा होता.

सुरुवात अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांच्या ‘अकॅडमिक वर्ड लिस्ट’पासून केली. २००० साली आलेल्या या यादीत ५७० शब्दकुलं आहेत, म्हणजे एकेक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं. अभ्यासाच्या लेखनात वारंवार येणारेच शब्द त्यात असल्यामुळे आज शिकलेला शब्द लवकरच वाचनात भेटतो. अतिदुर्मिळ शब्दांच्या जाडजूड याद्यांपेक्षा हे कितीतरी बरं.

मग धातूंकडे वळले. लॅटिनमधलं ‘लोक्वी’ म्हणजे बोलणं, हे कळल्यावर एलोक्वंट, लोक्वेशस, कलोक्वियल, सोलिलोक्वी एका ओळीत येऊन बसले. पण व्युत्पत्तीवर डोळे झाकून विसंबू नये. ‘एनर्वेट’ ऐकायला जोश भरल्यासारखं वाटतं, अर्थ मात्र गलितगात्र करणे. ‘नॉइसम’चा तर नॉइजशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ दुर्गंधीयुक्त, किळसवाणा.

खरा वेळ गेला तो समानार्थी शब्दांवर. मिटिगेट, अलीव्हिएट, अमीलिओरेट या तिन्हींपुढे शब्दकोशात साधारण ‘त्रास कमी करणे’ अशाच छटेचे अर्थ दिसतात. वापरलेली वाक्यं शेजारी-शेजारी मांडली तेव्हा फरक उलगडला. मिटिगेट होते ती जोखीम किंवा दुष्परिणाम, म्हणजे धार बोथट करायची. अलीव्हिएट होतात वेदना, दारिद्र्य. मुळात ‘लेव्हिस’ म्हणजे हलका, तेव्हा भार उतरवायचा. अमीलिओरेट होते परिस्थिती, कारण ‘मेलिओर’ म्हणजे अधिक चांगला. तेव्हापासून मी सुटा अर्थ टिपतच नाही. शब्द कुणाच्या संगतीत येतो, ते अख्खं वाक्य लिहून ठेवते. अर्थ नंतरही शोधता येतो. संगत चुकली की वाक्य परकं वाटतं, आणि ते कोणत्याही यादीत सापडत नाही.

उजळणीला सेबास्टियन लाइटनर यांची १९७० च्या दशकातली कार्डांची पद्धत धरली. शब्दांची कार्डं खणांच्या डब्यात ठेवायची. आठवलं तर कार्ड पुढच्या खणात, म्हणजे उजळणी आणखी उशिरा. अडलं तर पुन्हा पहिल्या खणात. कार्ड उलटण्याआधी मनाशी वाक्य रचायचं, हा नियम मात्र माझा. नुसतं वाचत राहिलं की शब्द येतोय असा भास होतो.

उच्चारही आता कार्डावरच लिहिते. वाचून शिकलेल्या शब्दांत इथेच गफलत होते: ‘हायपर्बली’ आणि ‘इपिटमी’ हे मूळचे ग्रीक शब्द, त्यांचा शेवटचा स्वर उच्चारला जातो, स्पेलिंग पाहून तो गळतो. म्हणून ऑनलाइन शब्दकोशात उच्चार ऐकल्याशिवाय मी नवं कार्ड खणात टाकत नाही.