होर्यूजी: न दिसलेला खांब

ओसाकाहून ट्रेनने होर्यूजी स्टेशन, तिथून वीसेक मिनिटं चालत गेलं, की होर्यूजी, जपानमधल्या नाराजवळचं जुनं बौद्ध मंदिर. नारा म्हटलं की सगळे हरणांना बिस्किटं चारायला पळतात. मला एक खांब बघायचा होता.

इथला पाच मजली पॅगोडा जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक. त्याच्या पोटातून हिनोकीचा, म्हणजे जपानी सायप्रसचा, खांब थेट कळसापर्यंत गेलाय. मी जाळीला नाक लावलं, तर समोर मातीच्या मूर्ती! इ.स. 711च्या. उत्तरेला बुद्धाचं महापरिनिर्वाण, आणि भोवती तोंड वासून रडणारे शिष्य. खांब त्या देखाव्याच्या मागे पार झाकलेला. म्हणजे एवढ्या लांब येऊन मी रडणारे भिक्खू पाहिले. माझाही चेहरा तसाच झाला असणार.

आता या खांबाची भानगड. 'निहोन शोकी' या जुन्या बखरीत नोंद आहे, की 670 साली हे मंदिर जळून खाक झालं. (आग या जागेच्या मागेच लागलीय. अजिंठ्याशी नातं सांगितलं जातं ती शेजारच्या कोंदोतली, म्हणजे मुख्य मंदिरातली, भित्तिचित्रं 26 जानेवारी 1949 रोजी करपली.) म्हणजे आजचा पॅगोडा 670 नंतरचा. पण विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत या खांबाची एक चकती कापून ठेवली होती. नाराच्या संशोधकांनी तिची वर्षवलयं एक्स-रे काढून मोजली. झाडाला वर्षाला एक वलय. चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी बारीक. एका टापूतल्या झाडांत हा क्रम सारखाच उमटतो. त्यामुळे जिवंत झाडाचं आतलं टोक जुन्या तुळईच्या बाहेरच्या टोकाशी जुळवायचं, तिचं त्याहून जुनीशी, असं करत शतकानुशतकं मागे जाता येतं.

2001 मध्ये उत्तर आलं: चकतीचं सर्वांत बाहेरचं वलय 594 सालचं! इमारतीतली इतर लाकडं मात्र सातव्या शतकाच्या उत्तरार्धातली.

मग खांब कुठून आला? दुसऱ्या एखाद्या इमारतीतून काढून आणला? की तोडून वर्षानुवर्षं राखून ठेवला होता? वाद चालूच आहे. वलय झाड कधी पडलं ते सांगतं, घर कधी उभं राहिलं ते नाही.

मला आमच्या काकांचं घर आठवलं. बांधलं 1988 साली, तुळया पाडलेल्या वाड्याच्या. बाकावर बसून काकांना मेसेज टाकला, "आपल्या तुळया किती जुन्या?"

उत्तर लगेच आलं: "काय माहीत. वाड्यातही त्या जुन्या बाजारातूनच आणल्या होत्या म्हणे."