चौथी फ्लॉपी

मे १९९५. अमळनेरच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून फोन आला. "भाऊ, कॉम्प्युटर चालू होतो, पण आतून टकटक वाजतं आणि पुढे काहीच येत नाही." टकटक म्हटल्यावर विचारायचं काही उरलं नव्हतं. हार्डडिस्क गेली. तेव्हा जळगावात मी हिशेबाचे प्रोग्रॅम बनवून द्यायचो. फॉक्सप्रो या डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्ये बांधलेलं त्या दुकानाचं खातं माझंच होतं.

कोरी हार्डडिस्क, कॉम्प्युटर सुरू करायची डॉसची बूट फ्लॉपी आणि डिस्क दुरुस्तीची नॉर्टन युटिलिटीज पिशवीत टाकून दुपारची पॅसेंजर धरली. पाळधी, धरणगाव करत गाडी सरकत होती आणि खिडकीतून तव्यावरची हवा येत होती. तरी मी निवांत होतो. दर शनिवारी बॅकअप घ्यायची बॅच फाइल मीच लिहून दिली होती.

तो बॅकअप एआरजेने, म्हणजे फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमने, घेतलेला होता. फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल दाबून बसवायला फार सोपी असते. नावासाठी चाळीस अक्षरांची जागा राखली, त्यात 'पाटील' लिहिलं की बाकी सगळ्या मोकळ्या जागा. तशा हजारो नोंदी. दाबणाऱ्याला पोकळीच पोकळी मिळते. म्हणून २४ एमबीचा डेटा १.४४ एमबीच्या चार फ्लॉप्यांत बसायचा, त्यातही चौथी पूर्ण भरायची नाही.

त्याआधी मी त्याच कामासाठी पीकेझिपच वापरायचो. फिल कॅट्झने १९८९ साली काढलेलं ते शेअरवेअर आमच्याकडे फ्लॉपीवरून फ्लॉपीवर फिरत यायचं. 'आवडलं तर पैसे पाठवा' हे त्यातलं वाक्य सगळे वाचायचे. डॉलर कुठून आणि कसे पाठवायचे हे कुणाला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणी माहिती काढलीही नाही. मीही नाही. १९९३ च्या २.०४जी आवृत्तीत एकच झिप अनेक फ्लॉप्यांवर पसरायची सोय आली. पण त्यात फाइलींची यादी शेवटच्या फ्लॉपीवर असते, त्यामुळे उघडताना ते आधी शेवटचीच फ्लॉपी मागतं. मला ते खटकायचं. रॉबर्ट जंगच्या एआरजेमध्ये प्रत्येक फ्लॉपीवर स्वतंत्र भाग बनतो: पहिल्याचं आडनाव एआरजे, मग ए०१, ए०२, ए०३. एवढ्यासाठी मी बदललं होतं. त्याचा उपयोग असा होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

नवी डिस्क बसवली, फॉरमॅट केली, डॉस आणि फॉक्सप्रो टाकलं. पहिली फ्लॉपी सुरळीत. दुसरी, तिसरी तशाच. चौथी घातली आणि ड्राइव्ह घरघरायला लागला. पडद्यावर 'डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए', खाली अबॉर्ट, रिट्राय, फेल. रिट्राय मी बहुतेक वीसदा तरी दाबलं असेल.

"फ्लॉप्या ठेवता कुठे?" मुनीमकाकांनी गल्ल्याशेजारचा ड्रॉवर ओढून दाखवला. आत टाचण्यांची प्लॅस्टिकची डबी होती. उलटी केली तरी टाचण्या सांडू नयेत म्हणून जिच्या तोंडाशी चुंबक बसवलेला असतो, ती. चौथी फ्लॉपी गठ्ठ्यात सगळ्यात खाली, थेट डबीवर. दोन संच आलटून पालटून वापरा असं मी सांगितलं होतं, पण दुसरा संच अजून सेलोफेनमध्येच होता.

शेठ, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, गादीवरून उठून आले. "बठ्ठं गये का भो?"

बठ्ठं, म्हणजे सगळं, गेलं नव्हतं. तीन भाग उतरले होते. खतावणीची मोठी फाइल तिसऱ्या आणि चौथ्या फ्लॉपीत तुटली होती, पण तिचा तिसऱ्यापर्यंतचा तुकडा डिस्कवर जसाच्या तसा पडला होता. चौथीवर तिचं शेपूट आणि नोंदी शोधायचे इंडेक्स. इंडेक्स पुन्हा बनवता येतात. फॉक्सप्रो मात्र त्या तुटक्या फाइलला डेटाबेस मानायलाच तयार नाही, कारण माथ्यावर लिहिलेली नोंदींची संख्या आणि फाइलची लांबी जुळत नव्हती.

मग कागद घेतला. लांबी ३३,३०,५३२ बाइट. त्यातून हेडरचे, म्हणजे फाइलच्या माथ्याचे, ५४५ वजा केले आणि एका नोंदीच्या १४२ बाइटांनी भागलं. २३,४५० नोंदी आणि ८७ बाइट बाकी, म्हणजे एक अर्धी नोंद. नॉर्टनच्या डिस्क एडिटरमध्ये फाइल उघडली. पाचव्या बाइटपासून चार बाइटांत हा आकडा असतो, आणि तोही उलटा, लहान बाजू आधी. २३,४५० म्हणजे हेक्समध्ये, सोळाच्या मोजणीत, पाच-बी-नऊ-ए. मी नऊ-ए, पाच-बी, शून्य, शून्य असं भरलं. हात खरंच घामाने ओले होते, आणि त्यात सगळा दोष उकाड्याचा नव्हता.

फाइल उघडली. शेवटची नोंद २० एप्रिलची.

पुढचे चार आठवडे मुनीमकाकांच्या लाल बासनात होते. कॉम्प्युटर आल्यावरही त्यांनी हाताने रोजमेळ लिहिणं सोडलं नव्हतं, आणि दुहेरी काम कशाला म्हणून मी त्यांना दोनदा तरी टोकलं होतं. त्या संध्याकाळी ते वाचत गेले आणि मी भरत गेलो. कापसाचा हंगाम सरलेला, म्हणून नोंदी तीनशेच्या आसपासच होत्या. मध्ये दीड तास लाइट गेली. अण्णांनी घरून शेवभाजी आणि भाकरी मागवली, आणि माझ्या ताटात तिखट इतकं होतं की डोळ्यांत पाणी आल्याचं कारण कुणाला सांगावं लागलं नाही.

रात्री अकरानंतर तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांचा ताळा, काढली. साडेबारा रुपयांचा फरक. मी आधी माझ्या नोंदी तपासल्या, पुन्हा हेडर तपासलं, मग २३,४५० हा आकडा नव्याने भागून पाहिला. काका चष्मा कपाळावर सरकवून पानं उलटत होते. एका पानावर बोट ठेवून थांबले.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," ते म्हणाले, "ती चूक मनी शे, माझी."