किल्ली सुटेना

किल्ली हरवल्याच्या कथा घरोघरी असतात; आमच्या घरात तर त्यांची परंपराच आहे. पण किल्ली समोर आहे, दोन बोटांच्या चिमटीत घट्ट धरलेली आहे आणि तरीही ती आपल्या ताब्यात नाही, हा अनुभव मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी, इंदूरच्या कृष्णपुरा छत्र्यांजवळच्या एका गल्लीत आला. डिसेंबरची रात्र होती आणि पुण्याहून आलेल्या आत्याला सराफ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायचे होते. दिवसभर सोन्याचांदीची उलाढाल करणारी ही पेठ रात्री दुकाने बंद झाली की त्याच ओट्यांवर कढया मांडते, आणि थंडीत तिथे तळलेल्या गराडूवर मसाला भुरभुरून लिंबू पिळले जाते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याने त्यासाठी दुपारचे जेवण निम्म्यावर आणले होते.

मी गाडी फुटपाथला लावली, इंजिन बंद केले आणि किल्ली ओढली. ती आली नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ओढताना माणूस नकळत दात-ओठ खातो, तसे मीही खाल्ले. सौभाग्यवतींनी अगोदरच दार उघडून एक पाय बाहेर ठेवला होता. तो तिने सावकाश आत घेतला, यावरूनच प्रकरणाचे गांभीर्य माझ्या लक्षात आले.

कुलूप माणसाला बाहेर अडवते, हे आपण गृहीत धरलेले असते. इथे उलटेच झाले होते: दारे उघडी, रस्ता मोकळा, सराफा पाच मिनिटांवर, आणि आम्ही तिघे आतच अडकलेले. किल्ली तशीच ठेवून जावे तर गाडी कुणालाही आंदणच. शिवाय किल्ली अर्धवट फिरलेली राहिली की रेडिओ वगैरे चालू राहून सकाळपर्यंत बॅटरी उतरते. आत्याने तोडगा सुचवला, “मी बसते इथे राखण करत, तुम्ही गराडू घेऊन या.” त्यागाच्या आवरणाखाली तिने गराडूचा प्रश्न निकालात काढला होता, हे मी ओळखले.

राजवाड्याजवळच्या फुटपाथवर बसणारा चावीवाला पेटी आवरत होता. मी त्याला जवळजवळ हाताला धरून आणले. गाडीपाशी येताच त्याने पहिले वाक्य उच्चारले, “भिया, जोर मत लगाना। टूट गई तो रात यहीं निकलेगी।” मग त्याने किल्लीला लटकणाऱ्या माझ्या जुडग्याकडे पाहिले. त्यात घराच्या दोन, कपाटाची एक, बँकेच्या लॉकरची एक, कशाची ते आता कुणालाच न आठवणारी एक अशा किल्ल्या होत्या, आणि वर जेजुरीहून आणलेला खंडोबाचा पितळी टाक. मल्हारी मार्तंड हे होळकरांचे कुलदैवत, तेव्हा इंदूरच्या गाडीत तो असणे योग्यच. पण त्याचे वजन किल्लीने सोसावे अशी अपेक्षा बरोबर नव्हती. चावीवाल्याने प्रथम जुडगा सोडवून माझ्या हातात दिला. नंतर किल्ली आत दाबून किंचित पुढे फिरवली, दाब तसाच ठेवून मागे आणली, आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग अगदी थोडे डावी-उजवीकडे हलवत राहिला. दोन-तीनदा असे केल्यावर एक बारीकसा ‘टक्’ आवाज झाला आणि किल्ली, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, बाहेर आली.

एवढ्याने माझे समाधान होईना, म्हणून मी कारण विचारले. त्याने किल्ली मोबाइलच्या उजेडात धरली. बारा वर्षे रोज वापरलेल्या त्या किल्लीचे दाते चघळलेल्या पेन्सिलीसारखे गोलसर झाले होते. गाडीच्या कुलपाच्या फिरत्या भागात पितळेच्या पातळ पट्ट्या एकामागे एक बसवलेल्या असतात, प्रत्येकीमागे एक इवलीशी स्प्रिंग असते. योग्य किल्ली गेली की सगळ्या पट्ट्या एका रेषेत येतात आणि तो भाग फिरू लागतो. आपल्याला इतकेच ठाऊक असते. पण बाहेर येताना किल्लीच्या उंच-सखल दात्यांवरून या प्रत्येक पट्टीला वर-खाली व्हावे लागते, आणि त्यासाठी बाजूच्या भिंतीत जागा असते ती फक्त शेवटच्या, ‘लॉक’ या स्थितीत. त्याच्या केसभर अलीकडे किल्ली थांबली, तर पट्ट्यांना हलायला वाव नाही आणि दात्यांना सुटायला वाट नाही. झिजलेल्या किल्लीने तो केसभर प्रवास पुरा होत नव्हता. मी ओढत होतो आणि ओढण्याने पट्ट्या दात्यांना आणखी घट्ट धरत होत्या.

स्टिअरिंग हलवणे हा त्याचा सवयीचा भाग होता. त्याचा खरा उपयोग उलट्या तक्रारीत होतो: किल्ली आत जाते, पण फिरत नाही. किल्ली काढून घेतल्यावर एक दांडी स्टिअरिंगच्या दांड्यातील खाचेत बसते आणि चाक फुटपाथला टेकून ताणलेले असेल तर त्या दांडीवर भार येतो. अशा वेळी स्टिअरिंग हाताने हलवून तो ताण हलका करत किल्ली फिरवली की ती फिरते. माझ्या मेहुण्याच्या ऑटोमॅटिक गाडीत तर आणखी वेगळे आहे. तिथे गिअरचा दांडा ‘पी’पर्यंत, म्हणजे ‘पार्क’च्या खुणेपर्यंत, नीट सरकल्याशिवाय गाडी किल्ली सोडतच नाही. गेल्या पावसाळ्यात त्याने मेकॅनिकला घरी बोलावले, तेव्हा दांडा ‘पी’पासून फक्त बोटभर अलीकडे होता. मेकॅनिकने तो पुढे सरकवला आणि येण्याजाण्याचे पैसे घेतले. मेहुणा हा किस्सा स्वतः सांगत नाही. माझी बहीण सांगते.

एका किल्लीवर आपण किती कामे लादली आहेत, याची त्या रात्री मला कीवच आली. पूर्वी गाडी सुरू करायला समोर उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे. 1912च्या कॅडिलॅक गाड्यांत विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि ती कसरत संपू लागली, तरी स्टार्टरसाठी वेगळे बटण पुष्कळ वर्षे राहिलेच. 1949मध्ये क्रायस्लरने किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करण्याची सोय आणली. पुढे अमेरिकेत चोरीविरुद्धचा नियम 1970पासून लागू झाला, आणि स्टिअरिंग जखडण्याचे कामही याच कुलपाकडे आले. त्यावर आता किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत चिप असते. कुलपाभोवतीच्या कड्याला तिची ओळख पटली तरच इंजिन चालते. फुटपाथवर नुसती दात्यांची नक्कल करून घेतली तर अशा गाडीत कुलूप फिरते, पण गाडी चालत नाही. चावीवाल्याने हे प्रामाणिकपणे सांगितले. वर हेही सांगितले की झिजलेल्या किल्लीवरून दुसरी काढाल तर झीजही उतरून येईल. “घर में दूसरी चाबी होगी, वो निकालो।”

जाण्यापूर्वी त्याने पेन्सिल मागितली. शब्दकोड्यांसाठी आत्याच्या पर्समध्ये पेन्सिल कायम असते. त्याने शिसे कानशीवर घासून त्याची काळी भुकटी किल्लीच्या दोन्ही अंगांना चोळली आणि किल्ली चार-सहा वेळा आत-बाहेर केली. तेल नको, तेलावर धूळ बसून आत चिखल होतो, असे त्याचे म्हणणे. आत्या हे सारे एकाग्रतेने पाहत होती. “आमच्याकडे याला किल्ली म्हणतात,” तिने त्याला समजावले. “वही, आंटी, चाबी,” तो म्हणाला. मी तिला सांगितले की चावी हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला आहे. “मग त्यांच्याकडेच सोडवायला न्यायची होती,” आत्या म्हणाली. गराडू लांबल्यामुळे ती चिडली होती.

ते मिळाले, गरम मिळाले, आणि तिने दोन द्रोण संपवले.

दुसऱ्या दिवशी कपाटातल्या डब्यातून मूळ दुसरी किल्ली काढली. बारा वर्षांत ती कधीच गाडीला लागली नव्हती. दोन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा एकाच साच्यातल्या बहिणींपैकी एक सासुरवाशीण आणि दुसरी माहेरीच राहिलेली, असे वाटले. नवी किल्ली जुडग्यात घातली नाही. खंडोबा आता घराच्या किल्ल्यांवर लक्ष ठेवतो. खाली जाऊन गाडीत बसलो, किल्ली घातली, फिरवली, बंद केली, काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. असे चार वेळा झाल्यावर वरच्या गॅलरीतून शेजारच्या काकांचा आवाज आला, “काय हो, सुरू होत नाहीये का?”

“सुरू होतेय, काका,” मी म्हणालो, “सोडतेय का ते बघतोय.”